खिदिरपूरचा डोंगर

द्वारकाताई लेल्यांना राग येत नसे. तो त्यांच्याकडे राहायलाच होता. घरी आलेल्या माणसाला आधी तो भेटायचा, मग द्वारकाताई भेटायच्या आणि मग चहा.

आमची पहिली भेट गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये झाली. ह्यांची नागपूरहून बदली झाली होती आणि मला कलकत्त्यात येऊन आठवडाही झाला नव्हता. बंगाली येत नव्हतं, हिंदी अर्धंमुर्धं होतं आणि मराठी बोलायला ह्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तेही ऑफिसातून आले की वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. अशात एका दुपारी दाराशी नऊवारी नेसलेल्या, उंच, काळ्यासावळ्या बाई उभ्या राहिल्या. वय पन्नाशीचं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. दाराशी डब्यात लावलेल्या क्रोटनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कुणी लावलं?"

"आधीच्या बिऱ्हाडानं."

"मग तुम्ही पाणी का घालता? नावाला फूल नाही, वास नाही, रंगीत कागद कापून लावल्यासारखी पानं. मरू दे त्याला." एवढं बोलून त्या आत येऊन बसल्या. "गाव कुठलं तुमचं?"

"सातारा."

"म्हणजे घाटावरच्या. हरकत नाही." आणि मला क्षमा केल्यासारखं करून त्यांनी चहा मागितला.

त्या स्वतःला पक्क्या कोकणातल्या म्हणवत. गंमत अशी की त्यांनी कोकण कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे वडील कलकत्त्याला शाळेत गणित शिकवायला आले ते इथंच राहिले. आई राजापूरकडची, लहानपणी लग्न होऊन आली ती पुन्हा माहेरी जाऊ शकली नाही. द्वारकाताई इथं जन्मल्या, इथं वाढल्या, इथंच कस्टममध्ये नोकरी करणाऱ्या अप्पा लेल्यांच्या घरात आल्या. शुद्ध मराठी बोलत, पण भांडण जुंपलं की बंगालीत जात. "मराठीत भांडायला आधी नातं काढावं लागतं, फार वेळ जातो," म्हणायच्या. खिदिरपूरच्या बाजारात कोळणी त्यांना वचकून असत. अप्पा मात्र कशालाच वचकत नसत, कारण ते ऐकतच नसत. "हो" एवढा एक शब्द त्यांनी संसाराला पुरवून वापरला.

त्या पहिल्याच दुपारी उठताना त्या म्हणाल्या, "रविवारी तयार राहा. बागा बघायला जायचंय."

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, पण कलकत्त्याच्या ज्यूटच्या आणि चहाच्या कंपन्यांतले साहेबलोक अजून बंगल्यांतून हलले नव्हते. त्यांचं एक उद्यानमंडळ होतं. दर जानेवारीत ते खुल्या बागांचा दिवस पाळायचं. एरवी ज्या फाटकापाशी घटकाभर थांबलं तरी दरवान खेकसायचा, ती फाटकं त्या दुपारी उघडी असत. बंगल्यांचे पत्ते छापलेला एक कागद निघायचा, वर लिहिलेलं असायचं की या बागा सर्वांसाठी खुल्या आहेत. तो कागद घेऊन लोक अलिपूर, बालीगंज, गार्डन रीच असे हिंडायचे. द्वारकाताईंच्या लेखी दिवाळीनंतरचा मोठा सण तोच.

त्या रविवारी आम्ही अलिपूरच्या एका बंगल्याशी उतरलो. आत साहेबानं तळं खणून निघालेल्या मातीची टेकडी केलेली होती आणि तिच्या उतारावर बाग. ती बघायला बरीच गर्दी लोटली होती. फाटकातून मडमा जात होत्या, सुटातले बंगाली बाबू जात होते, तलम साड्यांतल्या त्यांच्या बायका जात होत्या. आम्ही पुढे झालो तसा दरवानानं काठी आडवी धरली. त्यानं द्वारकाताईंचा कासोटा पाहिला, पायांतल्या चपला पाहिल्या आणि बाजूची बोळकांडी दाखवली. "ए बाई, काम करनेवाली का रास्ता उधर है. पीछे से जाओ."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. कलकत्त्यात कासोटा घालून फिरणारी बाई म्हणजे मोलमजुरी करणारी, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. द्वारकाताईंना ते जन्मापासून ठाऊक होतं. तरी त्या दर वर्षी नऊवारीच नेसून यायच्या, तीही ठेवणीतली, जरीकाठी.

"पीछे से तुम जाओ," त्या म्हणाल्या. "हम देखने आया है. और काम करनेवाली होता तो भी सामने से ही जाता. कागज में क्या लिखा है? पढ़ो. पढ़ना नहीं आता? तो हम पढ़ता है." आणि त्यांनी तो कागद फाटकात उभं राहून, पाठीमागची सगळी रांग अडवून, खणखणीत आवाजात इंग्रजीत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. पत्ते सुरू होईपर्यंत काठी खाली आली होती.

मला वाटलं, झालं एकदाचं. पण आत गेल्यावर त्यांनी फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बशीएवढाले डेलिया होते, स्वीट पीचे वेल होते, लोक अहाहा करत होते. ह्या बाई वाकून टेकडीचा पायथा बघत हिंडत होत्या. शेवटी बंगल्याच्या मडमेलाच गाठून म्हणाल्या, "पाणी कुठून जातं?"

मडमेला काही कळेना. ती हसून म्हणाली, माळ्याला विचारा.

"बघितलंत?" परतताना द्वारकाताई मला म्हणाल्या. "डोंगर हिचा आणि पाणी माळ्याचं! बांध नाही, उतरण नाही. नुसता उकिरडा रचून त्यावर फुलं खोचलीत. येत्या पावसात हा डोंगर तळ्यात बसणार, लिहून ठेवा."

पुढच्या जानेवारीत गेलो तेव्हा टेकडी जागच्या जागी होती, उलट हिरवळ अधिकच दाट झाली होती. द्वारकाताई बराच वेळ तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. "लबाड आहे," एवढंच म्हणाल्या. साहेब लबाड की टेकडी, हे मी विचारलं नाही.

त्यांना स्वतःच्या डोंगराचा अभिमान होता, म्हणून दुसऱ्याचा डोंगर डोळ्यांत खुपायचा. होय, खिदिरपुरात त्यांचा एक डोंगर होता. हे मी कलकत्त्यातल्या बंगाली शेजारणींना सांगायची तेव्हा त्या हसायच्या, कारण त्या गावात चढ म्हणून कुठे नाही. बशीत पाणी ओतावं तसा पाऊस तिथं साचून राहतो. पण युद्धात लेल्यांच्या बिऱ्हाडाशेजारी लष्करानं आगीसाठी पाण्याचा भला मोठा हौद खणला होता. निघालेली माती आणि पडक्या भिंतींच्या विटा, दगड, सगळं त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आणून टाकलं. युद्ध संपलं, हौद बुजला, लष्कर गेलं, आणि ढिगारा तसाच राहिला. घरमालक हालदारबाबू त्याला 'उकिरडा' म्हणत. द्वारकाताईंनी त्याला पहिल्या दिवसापासून 'डोंगर' म्हटलं.

आईनं सांगितलेलं माहेर त्यांनी त्या ढिगाऱ्यावर उभं केलं. वर घर, खाली विहीर आणि मध्ये एकाखाली एक दगडी बांध घातलेली माडापोफळीची आगरं, असं आई सांगायची. घर आणि विहीर काही बांधता येण्यासारखी नव्हती. पण बांध त्यांनी घातले. विटांचे तुकडे आणि दगड निवडून, चुना न लावता, एकावर एक रचून. खालच्या पायरीला अळू, वर कर्दळ आणि केळी, मग अबोली, अनंत, जास्वंद, सगळ्यांत वर तुळशीवृंदावन आणि त्याच्या कुशीत एक सोनचाफा. कोकणातलं कुणी भेटलं की त्या पहिला प्रश्न विचारत, "तुमच्याकडे बांध कसा घालतात?" आणि सांगितलेलं ऐकून घरी जाऊन एखादा बांध पाडून पुन्हा घालत. रोपं त्या कुठूनही मागून आणत. "चोरून आणलेलं रोप जगतं म्हणे. माझ्याकडे मागून आणलेलंही जगतं. न जगून सांगतंय कुणाला!"

पावसाळ्यात खिदिरपूरच्या गल्ल्यांतून गुडघाभर पाणी भरायचं. तेव्हा त्या मला मुद्दाम बोलावून घ्यायच्या. मागच्या दारातून नेऊन बांधावर उभं करायच्या. पाणी पायरीपायरीनं खाली उतरून नालीला लागायचं, आणि माती थोड्या वेळात पावलाला चिकटेनाशी व्हायची. "माहेरी आई अशाच बांधांवरून विहिरीचं पाणी घेऊन यायची," त्या म्हणायच्या. त्या वेळी त्यांचा राग कुठे जायचा कोण जाणे. मी पाहिलेल्या द्वारकाताईंपैकी सगळ्यांत सुखी द्वारकाताई त्या बांधावर उभ्या असलेल्या.

आणि मग हालदारबाबूंच्या डोक्यात आलं की ही मागची जागा फुकट चालली आहे. ढिगारा उपसून तिथं भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. हालदारबाबू धोतराचा सोगा हातात धरून आले, "बौदी, बौदी" करत वहिनीशी बोलावं तसं गोड बोलले आणि हे सांगून गेले. कागदोपत्री त्यांचंच खरं होतं. भाडं घराचं होतं, मागच्या जागेचा कुठे उल्लेखही नव्हता.

द्वारकाताई भांडल्या. बंगालीत भांडल्या, मराठीत भांडल्या, अप्पांना पाठवून पाहिलं. ते जाऊन "हो" म्हणून आले. शेवटी त्यांनी हालदारबाबूंची नस ओळखली. त्या माणसाला मोठेपणाची भूक होती. त्यांनी विचारलं, "तुमच्या ह्या जागेत साहेबलोक मोटारीतून बाग बघायला आले तर?"

हालदारबाबू हसले. "खिदिरपुरात? साहेबलोक? आले तर मी त्या ढिगाऱ्याला हात लावणार नाही. माझा शब्द."

एवढ्या शब्दावर ती बाई उठली. उद्यानमंडळाकडे तिनं आपली बाग त्या छापील कागदात घ्यावी म्हणून खेटे घातले. दोन-तीनदा तिला दारातून परत पाठवलं. मग बहुधा तिचा ससेमिरा चुकवायलाच मंडळाची एक मडम आणि तिच्याबरोबर एक बंगाली सेक्रेटरी बाग तपासायला आले. मी त्या दिवशी तिथं होते. ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं.

मडमेनं नाकाला रुमाल लावला नाही एवढंच. बांध बघितले, डोलकाठीसारखा सरळ वाढलेला चाफा बघितला, तुळशीवृंदावनापाशी आल्यावर टाळ्या वाजवल्या. किती छान, किती गमतीदार, हे असंच राहू द्या. मग तिचं लक्ष खालच्या पायरीकडे गेलं. सेक्रेटरीबाबूंना आधीच घाम फुटला होता. ते हळूच बंगालीत म्हणाले, "बौदी, हे तर कोचू. गटाराशेजारी उगवतं. बागेत कोचू कुणी ठेवतं का? हे काढा, केळी काढा, तिथं डेलिया लावा. मग बघू."

बंगाल्यांत 'कोचू' म्हणजे अळू, आणि कवडीमोल वस्तूलाही कोचूच म्हणतात. द्वारकाताईंचा चेहरा मी पाहत होते. आता ह्या दोघांना बांधावरून ढकलून देणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. पण त्या म्हणाल्या, "काढते."

पाहुणे गेल्यावर त्या मागच्या दाराशी बसल्या. "बघितलंत? माझं अळू घाण आणि माझी तुळस गंमत! तुळस काढ म्हणाली असती तर मी तिला सरळ हाकललं असतं आणि डोंगर गेला तर गेला म्हटलं असतं. पण तिनं टाळ्या वाजवल्या हो. टाळ्या वाजवणाऱ्या बाईला काय म्हणायचं?"

"अळू नका काढू, ताई," मी म्हटलं.

"आणि खोल्या उठू देऊ?"

अळू त्यांनी स्वतः काढलं, माणूस लावला नाही. गड्डे फुटक्या बादल्यांत भरून माझ्या क्वार्टरवर आणून दिले आणि पानांचं फदफदं करून कलकत्त्यातल्या होत्या नव्हत्या मराठी बिऱ्हाडांना जेवायला बोलावलं. चिंचगूळ, शेंगदाणे, मुळ्याचे तुकडे, सगळं रीतसर. एरवी लेल्यांकडच्या पंगतीत एवढा कलकलाट असायचा की रस्त्यावरची ट्राम ऐकू येत नसे. त्या दिवशी सगळे खाली मान घालून जेवले. अप्पांनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "अळू चांगलं होतं." अप्पांनी 'हो'पलीकडे उच्चारलेलं ते माझ्या ऐकण्यातलं पहिलं वाक्य. द्वारकाताई पळी घेऊन आत निघून गेल्या.

डेलिया लागले. फुललेही; द्वारकाताईंच्या हाताखाली न फुलण्याची त्यांची काय बिशाद! जानेवारीच्या छापील कागदावर शेवटच्या ओळीत खिदिरपूरचा पत्ता आला. डोंगरउतारावरची बाग, असं वर्णन होतं. 'उतार' ह्या शब्दावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे कबूल केलं ना? मग झालं."

तो दिवस संक्रांतीनंतरच्या रविवारी पडला. इथं द्वारकाताईंनी जे केलं, ते आपल्याकडच्या बाईशिवाय कुणाला सुचायचं नाही. आता हे दिवस हळदीकुंकवाचे, आणि घरी माणसं येणार, मग ती साहेब असोत की आणखी कुणी. तेव्हा त्यांनी ओसरीवर सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाचं तबक मांडलं, अत्तरदाणी-गुलाबदाणी काढली, तिळगुळाची परात भरली. मी म्हटलं, "ताई, लोक नुसतं बघून जातात हो. थांबत नाहीत."

"त्यांच्या बंगल्यात कुणी बस म्हणत नाही म्हणून थांबत नाहीत. माझ्याकडे थांबतील."

आणि थांबले की! मोटारी आल्या. हालदारबाबू कोट घालून फाटकात उभे राहिले आणि आपणच हे सगळं लावल्यासारखे लवून लवून आत सोडू लागले. मडमांच्या कपाळांना कुंकू लागलं, हातांवर अत्तर चोळलं गेलं, गुलाबपाणी अंगावर उडालं तशा त्या किंचाळून हसल्या. प्रत्येकाला द्वारकाताई स्वतः डोंगरावर नेऊन आणत होत्या. बंगाली, इंग्रजी, हिंदी, जी येईल ती भाषा. दरवानाची काठी नाही, हे बघा पण ते बघू नका असं नाही. खुली बाग म्हणजे काय, ते त्या दिवशी कलकत्त्याला त्यांनी दाखवलं.

दुपारनंतर एक गृहस्थ आले. नीटनेटके, मृदू बोलणारे, हातात छत्री. फुलांपाशी ते थांबले नाहीत. पायथ्याशी वाकले, बुटानं माती दाबून पाहिली आणि विचारलं, "पावसात इथं पाणी साचत नाही?"

इतक्या वर्षांत द्वारकाताईंना हवा होता तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला! त्या खुलल्याच. त्यांनी त्या गृहस्थांना हाताला धरायचं तेवढं बाकी ठेवलं. नाली कुठे जाते ते दाखवलं. माती कशी घट्ट बसली आहे, आजूबाजूच्या गल्ल्या बुडतात तेव्हा इथं पाऊलसुद्धा ओलं होत नाही, जागा मागे थेट गोदीच्या रस्त्याला लागते, सगळं सांगितलं. कुंपणाच्या कडेकडेनं सबंध जागा फिरवून आणली. निघताना हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," असं मराठीत म्हणून हिंदीत अर्थ सांगितला. ते गृहस्थ नम्रपणे हसले, तिळगूळ खाल्ला, नमस्कार केला आणि फाटकात उभ्या असलेल्या हालदारबाबूंशी बोलायला थांबले. फार गोड बोलले असणार.

त्यांना गोदीजवळ मालाच्या गोदामासाठी जागा हवी होती. खिदिरपुरात जागा मिळत होत्या, पण पावसात बुडणाऱ्या. ही ढिगाऱ्याची माती सगळ्या जागेवर पसरली की सबंध जागाच उंच होणार, हा हिशेब त्यांनी बुटानं माती दाबली तेव्हाच केला असेल. पुरावा द्वारकाताईंनी हौसेनं दिला होता. खोल्यांच्या भाड्यातून हालदारबाबूंना जन्मभरात जे मिळालं नसतं, ते एका सहीत मिळत होतं.

द्वारकाताईंनी त्यांना शब्दाची आठवण दिली. हालदारबाबूंनी सोगा सावरला. "बौदी, मी म्हटलं होतं, मी हात लावणार नाही. मी कुठे लावतोय? आता जागा त्यांची."

हे सांगताना तो माणूस हसला. मी तिथं उभी होते. माणूस खोटा असतो, लोभी असतो, ते आपण चालवून घेतो; जग तसंच आहे म्हणतो. पण लबाडीला शहाणपण समजून वर हसणारा माणूस मला आजही सहन होत नाही. आणि ते उद्यानमंडळ! मी ह्यांना घेऊन त्या सेक्रेटरीबाबूंकडे गेले होते. म्हटलं, तुमच्याच कागदावर आहे ना बाग? तुमच्या साहेबानं एक शब्द टाकला तर हालदारबाबू वाकेल. ते म्हणाले, मंडळाचा संबंध फुलांशी आहे, जागेशी नाही. अळू उपटायला लावताना जागेशी संबंध होता, तो कुठे गेला, असं मी विचारलं. ह्यांनी माझा पदर ओढला. "चल," म्हणाले. सगळे पुरुष असल्या वेळी 'चल'च म्हणतात.

डोंगर पावसाळ्याआधी गेला. मजूर टोपल्या घेऊन आले, वरून सुरुवात केली. वृंदावन द्वारकाताईंनी आदल्या दिवशी घरात आणून ठेवलं होतं. चाफा हलवता येण्यासारखा नव्हता. मी रोज जात होते. त्या मागचं दार बंद करून घेत नसत, उघडं ठेवून समोर बसत. मला वाटलं होतं, ह्या आकांडतांडव करतील, मजुरांच्या आडव्या जातील. तसं काही झालं नाही. एकदाच म्हणाल्या, "त्या गृहस्थानं काय चुकीचं विचारलं? पाणी कुठून जातं, हेच ना? मी जन्मभर लोकांना हेच विचारत आले." त्यांना स्वतःवर रागावलेलं मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्याबद्दल मला त्या सगळ्यांचा राग आला. आलेल्याला मोकळ्या मनानं घर दाखवलं, ह्यात एखाद्या बाईला स्वतःचा दोष दिसावा, इतकं वाईट तिच्याशी वागणं बरं का?

वर्ष गेलं. पावसात मागच्या जागेत पाणी थांबलं नाही, ही बातमी द्वारकाताईंनीच मला दिली. गोदामाचं काम कशाकशानं रखडलं होतं. सपाट केलेल्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं पायाच्या रेघा तेवढ्या आखल्या होत्या आणि एका बाजूला विटा येऊन पडल्या होत्या.

जानेवारीत खुल्या बागांचा रविवार आला. त्या अलिपूरला येणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मीच खिदिरपूरला गेले. एकट्या बसून राहू नयेत, एवढाच विचार. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात दाराशी मोटार थांबली. दोन मडमा उतरल्या. त्यांच्यामागे ट्रामनं आलेले एक वृद्ध बंगाली गृहस्थ, धोतर, शाल, हातात काठी. तिघांच्याही हातांत तो छापील कागद.

उद्यानमंडळानं वरची तारीख बदलून मागच्याच वर्षाचा कागद जसाच्या तसा छापला होता. शेवटच्या ओळीत खिदिरपूरचा पत्ता, डोंगरउतारावरची बाग. कुणी येऊन पाहण्याची तसदीसुद्धा घेतली नव्हती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पुढे होऊन सांगणार होते की बाग गेली, तुमच्यासारखेच कुणी बघायला आले आणि घेऊन गेले, आता तुम्ही चालू लागा.

द्वारकाताईंनी मला हातानं मागे केलं. कप खाली ठेवला, पदर खोचला. "या," म्हणाल्या, आणि घरातून थेट मागच्या दारानं त्यांना बाहेर घेऊन गेल्या.

विटांपाशी बसलेला राखणदार उठून आला. "माँजी, इधर आना मना है."

"आज मना नहीं है. आज खुला है. सब के लिए." त्यांनी मडमेच्या हातातला कागद घेऊन त्याच्यापुढे धरला. तो कागदाकडे बघत बाजूला सरला.

मडमा इकडेतिकडे बघत होत्या. एक जण चाचरत म्हणाली, "पण इथं तर काहीच नाही."

"तुमच्या कागदावर आहे ना? मग बघून जा." आवाज चढलेला नव्हता. मी त्यांचा प्रत्येक राग ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता. त्या चालू लागल्या. "हा पहिला बांध. इथं अळू होतं. गटारातलं झाड नाही ते. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत लागतं. ही केळ. ह्या बाजूला अबोली." त्या मडमेनं परत फिरण्यासाठी पाऊल मागे घेतलं, तर त्या तिच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. "अजून वर जायचंय. वरचं तुम्हाला आवडेल. तिथं टाळ्या वाजवतात."

मडमेच्या चेहऱ्यावर रंग चढला. ती थांबली.

मग द्वारकाताई त्या वृद्ध गृहस्थांकडे वळल्या. त्यांच्याशी बंगालीत बोलल्या, आणि भांडायची ती बंगाली नव्हती. "पाय जपून टाका. इथून चढ आहे."

म्हाताऱ्यानं समोरच्या सपाट जमिनीकडे पाहिलं. मग द्वारकाताईंकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं धोतराच्या निऱ्या किंचित उचलल्या, काठी पुढे रोवली आणि तिच्यावर भार देऊन एक पाऊल वर टाकलं. त्यांच्यामागून त्या दोघी मडमाही, चुन्याच्या रेघा ओलांडत, मान खाली घालून हळूहळू चढू लागल्या.